मोठ्या घरात वाढल्याचा नोकरीत खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरात ९ माणसं, सहा भावंडांत तुमचा नंबर चौथा, शिक्षण नुकतंच संपलंय आणि नोकरीचा अनुभव काहीच नाही. इंटरव्ह्यूत "टीममध्ये काम केल्याचं एखादं उदाहरण सांगा" असं कोणी म्हटलं की तुमच्या डोक्यात घरचेच प्रसंग येतात, आणि मित्र म्हणतात घरातलं सांगू नकोस, पोरकट वाटतं. तर मोठ्या घरात वाढल्यामुळे जे आलंय ते स्किल म्हणून धरायचं का, आणि धरायचं असेल तर सांगायचं कसं.

मी गेली १८ वर्षं आधी भरतीचं आणि नंतर नव्या लोकांच्या ट्रेनिंगचं काम करतेय, त्यामुळे "मी मोठ्या कुटुंबातून आलोय त्यामुळे मला अ‍ॅडजस्ट करायची सवय आहे" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. त्या वाक्यावरून मी एकालाही घेतलेलं नाही, पण त्याच लोकांना दोन प्रश्न जास्त विचारल्यावर जे बाहेर आलं त्यावरून मात्र बऱ्याच जणांना घेतलंय. म्हणजे मित्रांचं अर्धंच बरोबर आहे. घरातलं सांगणं पोरकट नाही, पण घर किती मोठं होतं एवढंच सांगून थांबलात तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. तुमचा खरा प्रॉब्लेम मला असा दिसतो की त्या घरात *तुम्ही* काय करत होतात हे तुम्ही अजून स्वतःलाच नीट सांगितलेलं नाही.

आधी एक उदाहरण देते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, पहिलीच नोकरी, त्याने पण तेच अ‍ॅडजस्टवालं वाक्य टाकलं. मी म्हटलं, ठीक आहे, सकाळी घरात काय व्हायचं ते सांग. तर म्हणाला आम्ही आठ जण, बाथरूम एक, रोज कोणाला तरी उशीर व्हायचा आणि भांडण व्हायचं. मग याने जो आधी घराबाहेर पडतो त्याचा नंबर आधी असा क्रम लावला, तरी उशीर होतच राहिला. मग त्याने दोन-तीन दिवस नुसतं बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं की वेळ आंघोळीत जात नाहीये, वेळ जातोय दोन माणसांच्या *मधे*. एक बाहेर आला तरी पुढचा अजून टॉवेल शोधतोय, कपडे काढतोय, तीनेक मिनिटं अशीच जातात, आणि आठ माणसांत अशा सात मधल्या जागा, म्हणजे २१ मिनिटं. मग त्याने नियम केला की आधीचा आत गेला की पुढच्याने टॉवेल-कपडे घेऊन तयार बसायचं, बाकी काही बदललं नाही, आणि उशीर बंद झाला. मी ऐकतच राहिले, कारण आमच्याकडे तेव्हा माल भरायच्या जागेवर नेमका हाच प्रॉब्लेम होता, एक गाडी निघून दुसरी लागेपर्यंतचा वेळ कोणी मोजतच नव्हतं. त्याला आम्ही त्याच कामावर घेतलं आणि तो फार चांगला निघाला.

आता यात मोठ्या कुटुंबाचा वाटा किती? मला विचाराल तर एवढाच की तिथे असा प्रॉब्लेम रोज समोर येतो. तीन माणसांच्या घरात बाथरूमची रांगच लागत नाही. मोठ्या घराने त्याला *सराव* दिला, डोकं त्याने स्वतः चालवलं, कारण त्याची बाकीची भावंडं त्याच घरात, त्याच रांगेत उभी होती आणि त्यांना हे दिसलं नव्हतं.

सराव का मिळतो याचं साधं गणित आहे. चार माणसांच्या घरात दोघा-दोघांच्या जोड्या होतात ६, तुमच्या ९ माणसांच्या घरात होतात ३६. माणसं सव्वादोन पट, नाती सहा पट. प्रत्येक जोडीचं वेगळं चाललेलं असतं, दोघींचं पटतंय, दोघांचं बोलणं बंद आहे, एकीने दुसरीला काहीतरी कबूल केलंय जे तिसऱ्याला माहीत नाहीये. लहान वयात हे सगळं डोक्यात ठेवून वावरणं हा मोठाच अभ्यास आहे. आणि नोकरीत टीम मोठी झाली की काम का अडकतं त्याचंही कारण बऱ्याचदा हेच जोड्यांचं गणित असतं, माणसं वाढवली की कोणी कोणाला काय सांगायचं हेच कामाइतकं मोठं होऊन बसतं.

याच्यावर अभ्यासही झालेत, आणि ते दोन्ही बाजूंनी बोलतात म्हणून प्रामाणिकपणे दोन्ही सांगते. १९९४ साली पर्नर, रफमन आणि लीकम या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग छापला. एका पात्राने वस्तू एका जागी ठेवली, तो बाहेर गेल्यावर ती दुसरीकडे हलवली, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? बरोबर उत्तर द्यायला "मला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही" हे कळावं लागतं. ज्यांना जास्त भावंडं होती ती मुलं यात पुढे होती. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही, काहींत फरक आलाच नाही, पण मला यातली मूळ गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ऑफिसातले निम्मे घोळ याच एका चुकीतून होतात, मला माहीत आहे म्हणजे समोरच्यालाही माहीत असणार असं धरून चालणं.

दुसरी बाजू अशी. २००४ मध्ये अमेरिकेत डाउनी आणि कॉन्ड्रन यांनी बालवाडीतल्या हजारो मुलांची माहिती तपासली, तर निदान एक भावंड असलेल्या मुलांना शिक्षकांनी इतरांशी जमवून घेण्यात जास्त मार्क दिले होते. पण पुढे डाउनी आणि बॉबिट-झीहर यांनी मोठ्या वयाची शाळकरी मुलं घेतली, कोण कोणाला मित्र म्हणतं ते बघितलं, तेव्हा एकुलती एक मुलं कुठेच मागे नव्हती. म्हणजे शाळेत, खेळात, गल्लीत ती भरपाई होऊन जाते. माझाही अनुभव हाच आहे, मी पाहिलेल्या सगळ्यात उत्तम टीम लीडपैकी एक एकुलती एक होती आणि वर्षानुवर्षं सांघिक खेळ खेळलेली होती. त्यामुळे इंटरव्ह्यूत "आमच्यासारख्यांना टीमवर्क जास्त येतं" असं चुकूनही म्हणू नका, समोर बसलेली बाई एकुलती एक असू शकते, आणि मुळात ते खरंही नाही. तुम्हाला सराव लवकर मिळाला, एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरतं.

अजून एक गैरसमज काढून टाकते, तो जन्मक्रमाचा. मोठा म्हणजे जबाबदार, मधला म्हणजे समजूतदार, धाकटा म्हणजे लाडावलेला. २०१५ मध्ये रोरर, एग्लॉफ आणि श्मुक्ले यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या मिळून वीस हजारांवर लोकांची माहिती तपासली आणि स्वभावाच्या मुख्य गुणांवर जन्मक्रमाचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. २०२४ च्या शेवटी कॅनडाच्या अ‍ॅश्टन आणि ली यांचा अभ्यास आला, त्यात मोठ्या कुटुंबातल्या लोकांमध्ये प्रामाणिकपणा-नम्रता आणि मिळूनमिसळून वागणं थोडंसं जास्त दिसलं, पण तो फरक छोटा आहे, त्यावरून एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. म्हणून मी कोणाला कितवा नंबर ते विचारत नाही. मी विचारते, तुम्ही चार दिवस घरी नसलात तर काय अडतं?

हा प्रश्न तुम्ही आजच तुमच्या भावंडांना विचारा, फोन करून, हसण्यावारी नेऊ देऊ नका. तुमचं उत्तर तिथे आहे. एक म्हणेल तू नसलास की आजीची औषधं चुकतात, दुसरी म्हणेल तू नसलास की बाबा आणि दादाचं बोलणं होत नाही, तिसरा म्हणेल तू नसलास की धाकट्याचा अभ्यास कोणी घेत नाही. जे अडतं ते तुमचं काम, आणि त्या कामातून आलं ते स्किल. तुम्हाला स्वतःला ते दिसणार नाही कारण तुम्ही त्याला काम समजतच नाही, रोजचंच आहे ते.

वर्षानुवर्षं ऐकून मला घरातल्या काही जागा ओळखता यायला लागल्यात, आणि प्रत्येक जागेबरोबर एक ताकद येते आणि एक खोडही येते, ती खोड माहीत असणं जास्त गरजेचं आहे असं माझं मत झालंय.

एक जागा निरोप्याची. दोन माणसं एकमेकांशी थेट बोलत नाहीत आणि मधलं एक पोर इकडचं तिकडे सांगतं. नुसतं सांगत नाही, सूर बदलून सांगतं. "त्याला सांग मला वेळ नाही" चं "दादा रविवारी बघू म्हणतोय" करतं. कस्टमर आणि टेक्निकल टीम यांच्यामध्ये बसवायला याच्यासारखा माणूस नाही. पण खोड अशी की हा दोघांनाही हो म्हणून येतो, कारण घरात भांडण टाळणं हेच त्याचं काम होतं, आणि ऑफिसात दोघांना दिलेले शब्द एक दिवस समोरासमोर येतात. अशा माणसाला मी पहिल्या महिन्यात एकच शिकवते, निरोप लिहून पाठव आणि दोघांना एकाच मेलवर ठेव. त्याला ते फार जड जातं, पण सुटतो.

दुसरी जागा घर सांभाळणाऱ्याची, बहुतेकदा मोठी मुलगी पण दरवेळी नाही. याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. माझ्या हाताखाली अशी एक मुलगी लीड झाली होती, भावंडांना शाळेला पाठवणं, आई आजारी असताना सगळं घर, हे तिने तेराव्या-चौदाव्या वर्षापासून केलेलं. प्लॅनिंग असं की मी तिच्याकडून शिकले, उद्या काय लागणार ते तिला आज माहीत असायचं. पण टीमने केलेलं काम ती रात्री बसून परत करायची, कोणाला न सांगता. सहा महिन्यांत ती आजारी पडली आणि टीम नाराज झाली, कारण त्यांना वाटायला लागलं आपल्यावर विश्वासच नाही. मी तिच्याशी बसले तेव्हा ती एवढंच म्हणाली, की मी नाही केलं तर होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. घरात ते खरं होतं हो, पण ऑफिसात समोर पगार घेणारी पाच मोठी माणसं होती. मुलाने आईबापाची जागा घेण्याबद्दल मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून लिहीत आलेत, साल्व्हादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञांनी कुटुंबांवर काम करताना हा प्रकार मांडला, आणि त्याची किंमत मूल मोठेपणी मोजतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही तिच्यासाठी रोज सकाळी एक यादी करायला लागलो, आज मी कशाला *हात लावणार नाही*. तिला सवय व्हायला वर्ष गेलं. तुमच्यापैकी जो कोणी ही जागा भरत होता त्याने इंटरव्ह्यूत ही ताकद जरूर सांगावी, पण नोकरी लागल्यावर ही खोड पहिल्या आठवड्यापासून बघावी.

धाकट्या जागेवरची माणसं हवा ओळखण्यात हुशार असतात, आत्ता विचारायचं का उद्या, हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. फक्त निर्णय कोणीतरी मोठा घेईल याची वाट बघत बसतात. आणि एक जागा असते हिशेब ठेवणाऱ्याची, कोणाला काय मिळालं, कोणाची पाळी, कोणावर अन्याय झाला, त्याच्याकडे सगळं तोंडपाठ. चांगला ऑडिटर होतो, पण टीममध्ये सारखं "मागच्या वेळी पण मीच केलं होतं" काढू नये एवढं त्याला सांगावं लागतं.

आता घरातल्या ज्या सवयी ऑफिसात उलट्या पडतात त्यातली एक खास सांगते, कारण मोठ्या घरातल्या जवळपास प्रत्येकाला ती असते. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत बोलणं. नऊ जणांत गप्प बसून पाळीची वाट बघितली तर पाळी येतच नाही, त्यामुळे आपण मधेच घुसतो, आणि आपल्या घरात त्याचा अर्थ मी लक्ष देऊन ऐकतोय असाच होतो. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा रेकॉर्ड करून यावरच काम केलंय, काही लोकांसाठी असं एकमेकांवर बोलणं म्हणजे साथ देणं असतं आणि काहींना तोच उद्धटपणा वाटतो, दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. इंटरव्ह्यूत समोरचा दुसऱ्या प्रकारचा आहे असंच धरून चाला. त्याचं वाक्य संपलं की एक श्वास घ्या आणि मग बोला. छोटी गोष्ट आहे, पण यावरून मी चांगली मुलं नाकारली गेलेली बघितलीत आणि त्यांना कोणी कारणही सांगितलं नाही.

दुसरी, न सांगता समजून घेण्याची सवय. घरात कोणी काही लिहून देत नाही, दिवा जळतोय तर दिसेल त्याने बंद करायचा. पण हे घरातसुद्धा दरवेळी चालतंच असं नाही, सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. १९७९ मध्ये बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला, ओरडायला लावून मोजलं, तर माणसं गटात असली की एकेकाचा जोर एकट्याने ओरडताना असतो त्यापेक्षा कमी पडतो. मोठ्या घरात वाढलेला माणूस हे लहानपणीच शिकतो आणि त्यावरचा उपायही शिकतो, कामाला *नाव* लावायचं. "कोणीतरी दार बघा" नाही, "तायडे, दार बघ". मीटिंग संपताना प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लावणारा फ्रेशर मला मिळाला तर मी त्याला दोन वर्षं अनुभव असलेल्याच्या आधी घेईन, खरंच.

आता तुमच्या इंटरव्ह्यूचं. रिझ्युमेत "मोठ्या कुटुंबात वाढलो" हे अजिबात लिहू नका, ते बोलण्यात येऊ दे. अपवाद एकच, घरातली जबाबदारी खरोखर काम म्हणावी एवढी असेल, उदाहरणार्थ दोन वर्षं आजारी माणसाची औषधं, तपासण्या, कागदपत्रं तुम्हीच बघत असाल आणि त्यामुळे मधे गॅप पडली असेल, तर ती एक ओळ जरूर लिहा, लपवू नका.

बोलताना घराला एकच वाक्य द्या, "आम्ही घरात नऊ जण" आणि बास. त्याच्यापुढे लगेच काय अडलं होतं ते, मग तुम्ही नेमकं काय केलंत, मग काय बदललं. यातला सगळ्यात मोठा भाग "मी काय केलं" चा हवा, आणि तिथे "आम्ही" शब्द टाळा, कारण मला बाकीच्या आठ जणांना नोकरी द्यायची नाहीये. जमेल तिथे आकडा द्या, वर त्या मुलाने २१ मिनिटं सांगितली तसा. जे चुकलं तेही सांगा, त्याचा पहिला क्रम फसला होता हे त्याने लपवलं नाही म्हणूनच माझा विश्वास बसला. आणि शेवटी एक वाक्य कामाशी जोडणारं: तुमच्याकडे शिफ्ट बदलताना हेच होत असेल तर मी आधी काय बघीन.

घरातल्यांची बदनामी होईल असं काही सांगू नका. भाऊ आळशी आहे, वडील चिडके आहेत, म्हणून मला करावं लागलं, असं बोललात की ऐकणारा लगेच विचार करतो, उद्या हा आमच्याबद्दल बाहेर काय बोलेल. तसंच कोण आजारी, पैशाची काय ओढाताण, हे तपशील उदाहरणाला लागत नसतील तर तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही ते सांगायला बांधील नाही आहात.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे आणि ती मी इथे बसून ठरवू शकत नाही. प्रत्येकाचं मोठं घर चांगलं असतंच असं नाही. मुलं जास्त म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आईबापाचा वेळ आणि पैसा कमी, हे ज्युडिथ ब्लेक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्येच मांडलंय, आणि काही घरांत तर मूल फक्त दबून राहायला शिकतं. तुमच्या आठवणी तशा असतील तर घरातलं उदाहरण काढूच नका. कॉलेजचं, खेळाचं, शेजारच्या मुलांना शिकवल्याचं, कुठलंही चालेल. आणि नोकरीत सहा महिने झाले की घरचं उदाहरण सगळ्यांनीच बाजूला ठेवायचं, तेव्हा कामाचंच सांगायचं.

तर भावंडांना विचारून बघा, मी नसलो की काय अडतं, आणि जी उत्तरं येतील त्यातले तीन प्रसंग दहा-दहा ओळींत इथेच लिहा. कोणता घ्यायचा आणि कुठे कापायचा ते मी सांगते. चौथा नंबर म्हणताय म्हणजे मला निरोप्याचा वास येतोय, पण आत्ताच वर म्हटलं तसं, नंबरावरून काही ठरवत नाही. आधी उत्तरं येऊ देत.